जोड्या जुळवा : इंग्रजी क्रियापदांच्या!

मित्रांनो, आज एका निरोपापासून सुरुवात करू या. समजा, राजूच्या बाबांचे एक स्नेही चेन्नईला राहतात. त्यांना मराठी येत नाही, इंग्रजी येतं. बाबा राजूला म्हणाले, ‘‘त्यांना कळव, मी रविवारी येतो.’’ राजूने लगेच कार्ड लिहायला घेतलं. ‘माय फादर सेड दॅट आय विल कम ऑन संडे.’ स्पेलिंग सगळी बरोबर, पूर्णविराम जागच्या जागी, अक्षर मोत्यासारखं!

आता सांगा, रविवारी चेन्नईचे काका स्टेशनवर कोणाची वाट बघतील? बाबांची? छे! राजूची. कारण त्या इंग्रजी वाक्याचा अर्थ होतो, ‘बाबा म्हणाले की मी, म्हणजे राजू, रविवारी येईन.’ गाडीतून राजूऐवजी बाबा उतरले की काका बुचकळ्यात पडणारच.

गंमत बघा, या वाक्यात एकही अवघड शब्द नाही. ‘से’, ‘कम’ ही क्रियापदं तर आपण अगदी लहान वर्गात शिकतो. मग घोटाळा कुठे झाला? तो झाला ‘सेड’च्या मागून आलेल्या छोट्या वाक्यात. इंग्रजीत अशा छोट्या वाक्यांचे काही नियम आहेत. ते एकदा नीट कळले की बरीचशी भीती पळून जाते. आणि ते कळायला आपली मराठीच मदत करते. कशी, ते पुढे बघू.

(इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत छापली आहेत, म्हणजे ती मोठ्याने वाचता येतील. वहीत मात्र ती इंग्रजी लिपीतच लिहा बरं का!)

मराठीची ‘की’, सगळ्या कुलुपांची किल्ली

मराठी व्याकरणाच्या तासाला तुम्ही मिश्र वाक्य शिकला असाल. ‘मला माहीत आहे की तो हुशार आहे.’ यातलं ‘मला माहीत आहे’ हे प्रधान वाक्य आणि ‘तो हुशार आहे’ हे गौण वाक्य. दोघांना जोडणारा शब्द ‘की’.

आता ही चार वाक्यं वाचा.

मला माहीत आहे की तो हुशार आहे.
माझी इच्छा आहे की तू यावंस.
त्याने विचारलं की तू तयार आहेस का.
डॉक्टरांनी सुचवलं की त्याने विश्रांती घ्यावी.

चारही ठिकाणी ‘की’ चालली. इंग्रजीत ‘की’ म्हणजे किल्ली, आणि मराठीतली ‘की’ खरोखरच सगळ्या कुलुपांना लागणारी किल्ली आहे! पण इंग्रजीत तसं नाही. तिथे प्रत्येक क्रियापदाचं कुलूप वेगळं. हीच चार वाक्यं इंग्रजीत अशी होतात :

आय नो दॅट ही इज क्लेव्हर.
आय वॉन्ट यू टू कम.
ही आस्क्ड मी इफ आय वॉज रेडी.
द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही शुड रेस्ट.

पहिल्यात ‘दॅट’, दुसऱ्यात ‘टू’, तिसऱ्यात ‘इफ’, चौथ्यात पुन्हा ‘दॅट’, पण आत ‘शुड’. म्हणून इंग्रजी क्रियापद पाठ करताना नुसता अर्थ पाठ करून भागत नाही. त्याच्यामागून काय येतं, तेही बरोबरच शिकावं लागतं. परीक्षेत ‘जोड्या जुळवा’ असतं ना, तसंच हे. चला, एकेक जोडी जुळवू या.

पहिली जोडी : नो, थिंक, होप, से आणि ‘दॅट’

ही सगळ्यात सोपी. ‘आय नो दॅट...’, ‘आय थिंक दॅट...’, ‘आय होप दॅट...’, ‘ही सेड दॅट...’. मराठीत ‘की’, इंग्रजीत ‘दॅट’. जुळली जोडी!

हा ‘दॅट’ मूळचा कोण, ठाऊक आहे? ‘धिस’ म्हणजे हे आणि ‘दॅट’ म्हणजे ते, असं आपण शिकतो ना, तोच हा ‘दॅट’. ‘मला ते माहीत आहे : तो हुशार आहे’ अशा बोलण्यातून ‘ते’ दाखवणारा शब्द हळूहळू दोन वाक्यांना जोडणारा झाला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही तो जोडायचं काम करतच होता. आता आपल्याकडे बघा : ‘तो कुठे गेला ते मला माहीत नाही.’ इथेही ‘ते’ आहेच की! दोन भाषा एकमेकींपासून इतक्या दूर, पण युक्ती सारखीच.

बोलताना इंग्रज माणूस हा ‘दॅट’ पुष्कळदा गाळतो. ‘आय थिंक इट विल रेन.’ आपणही म्हणतो, ‘मला वाटतं पाऊस पडेल.’ ‘की’ गेली तरी काही बिघडत नाही.

‘नाही’ म्हणायचं झालं तर? ‘मला वाटतं, पाऊस पडणार नाही’ यापेक्षा इंग्रजीत ‘आय डोन्ट थिंक इट विल रेन’ हे जास्त चालतं. म्हणजे नकार पुढच्या वाक्यातून उचलून ‘थिंक’जवळ आणायचा. अवघड वाटलं? अहो, तुम्ही रोज म्हणता, ‘मला नाही वाटत पाऊस पडेल.’ तेच हे!

आता ‘से’ आणि ‘टेल’. ‘से’ म्हणजे म्हणणे आणि ‘टेल’ म्हणजे सांगणे. ‘त्याने सांगितलं’ म्हटलं की आपण लगेच विचारतो, ‘कोणाला?’ ‘टेल’चंही तसंच. ऐकणारा त्याच्या शेजारीच हवा. ‘ही टोल्ड मी दॅट...’ बरोबर. ‘ही सेड मी दॅट...’ चूक. ‘ही सेड दॅट...’ बरोबर.

राजूचा घोटाळा कसा झाला?

मराठीत आपण दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगतो. ‘बाबा म्हणाले की मी रविवारी येतो.’ इथे ‘मी’ म्हणजे बाबा, हे ऐकणाऱ्याला बिनचूक कळतं. ही आपली फार जुनी सवय आहे. मोडी लिपीतल्या जुन्या पत्रांत अवतरणचिन्हं नसत. मराठीत विरामचिन्हं रुळली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. त्याआधी कोणाचं बोलणं कुठे संपलं हे ‘असे’, ‘म्हणोन’ यांसारखे शब्दच सांगत. आजही आपण म्हणतो ना, ‘मी येतो म्हणून सांगून गेला.’ त्यात ‘मी येतो’ हे त्याचेच शब्द, जसेच्या तसे.

इंग्रजीत अवतरणचिन्ह असेल तरच शब्द जसेच्या तसे ठेवतात. ‘दॅट’ लावलात की सगळं बोलणं सांगणाऱ्याच्या बाजूने बघायचं. सांगणारा राजू. राजूच्या दृष्टीने बाबा म्हणजे ‘ही’. म्हणून ‘आय’चं ‘ही’ झालं पाहिजे. आणि ‘सेड’ भूतकाळात आहे, म्हणून आतलं क्रियापदही एक पाऊल मागे सरकतं. ‘विल’चं ‘वुड’, ‘इज’चं ‘वॉज’, ‘कॅन’चं ‘कुड’.

माय फादर सेड दॅट ही वुड कम ऑन संडे.

आता काका योग्य माणसाची वाट बघतील. आणि हे मागे सरकणं टाळायचंच असेल, तर ‘सेड’ऐवजी ‘सेज’ लिहा : ‘माय फादर सेज ही विल कम ऑन संडे.’ क्रियापद मागे सरकलं नाही. पण ‘ही’ मात्र दोन्हीकडे हवाच!

एक सूट आहे. गोष्ट कायमची खरी असेल तर क्रियापद मागे सरकवावं लागत नाही. ‘द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्हज राउंड द सन.’ बाईंनी काल सांगितलं म्हणून पृथ्वीने काही फिरणं थांबवलेलं नाही!

दुसरी जोडी : वॉन्ट आणि ‘टू’

वर्गात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘आय वॉन्ट दॅट यू कम.’ मराठीतली ‘की’ डोक्यात असते, म्हणून ‘दॅट’ तोंडात येतो. पण ‘वॉन्ट’ची ‘दॅट’शी गट्टी नाही. ‘आय वॉन्ट यू टू कम’ असंच म्हणायचं.

‘वॉन्ट’ हा शब्द मूळचा इंग्लंडचा नाहीच. उत्तरेकडून जहाजांतून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतून तो इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ ‘कमी असणे, उणीव असणे’. ‘हवं असणे’ हा अर्थ रूढ झाला तो पुढे, अठराव्या शतकापासून.

इथेही मराठीचा उपयोग होतो. ‘मला जायचं आहे’ आणि ‘तिने जावं असं मला वाटतं’ यांतला फरक तुम्हाला कोणी शिकवावा लागला नाही. जाणारा मीच असेन तर ‘जायचं’, दुसरं कोणी असेल तर ‘जावं’. इंग्रजीत काय होतं? मीच जाणार असेन तर ‘आय वॉन्ट टू गो’. ती जाणार असेल तर ‘आय वॉन्ट हर टू गो’. दुसऱ्या माणसाला फक्त मधे बसवायचं. (शाळेच्या पुस्तकांत ‘टू गो’ला वाक्य न म्हणता वाक्यांश म्हणतात. नाव काही असो, वापर चुकला नाही म्हणजे झालं.)

तिसरी जोडी : विश आणि भूतकाळ

‘होप’ म्हणजे आशा, आणि ‘विश’ म्हणजेही इच्छाच. मग फरक काय? होऊ शकणाऱ्या गोष्टीसाठी ‘होप’ : ‘आय होप यू विल कम.’ जे आत्ता नाही, पण असतं तर बरं झालं असतं, त्यासाठी ‘विश’. आणि ‘विश’नंतर क्रियापद भूतकाळातलं घ्यायचं.

आय विश आय हॅड अ बायसिकल.

‘हॅड’ आहे म्हणून सायकल काल होती असं समजू नका. अर्थ आहे, ‘माझ्याकडे सायकल असती तर!’ आपणही इथे ‘आहे’ म्हणत नाही, ‘असती’ म्हणतो. गोष्ट खरी नाही हे दाखवायला दोन्ही भाषा क्रियापदाचं रूप बदलतात. निकालाच्या दिवशी काहींच्या मनात येणारं वाक्य ठाऊक आहे ना? ‘अभ्यास केला असता तर!’ इंग्रजीत ते होतं, ‘आय विश आय हॅड स्टडीड.’ ते म्हणायची वेळ न आलेली बरी!

चौथी जोडी : आस्क आणि ‘इफ’, ‘व्हेअर’, ‘व्हाय’

‘त्याने विचारलं की तू कुठे राहतोस?’ याचं इंग्रजी पुष्कळ मुलं असं करतात : ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू आय लिव्ह.’ यात दोन चुका आहेत. एक, ‘व्हेअर’ स्वतःच जोडायचं काम करतो, मग ‘दॅट’ कशाला? एका दाराला दोन किल्ल्या नकोत. दोन, प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्नासारखा उलटा राहत नाही, साध्या वाक्यासारखा सरळ होतो. ‘डू’ची गरज संपते.

ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.
आय डोन्ट नो व्हाय शी इज अँग्री.

‘का’ने संपणारा प्रश्न असेल, म्हणजे ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं, तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ घ्या. ‘ही आस्क्ड मी इफ आय वॉज रेडी.’ मराठीतला ‘का’ शेवटी बसतो, इंग्रजीतला ‘इफ’ आधी येऊन बसतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. जोडणारा शब्द बदलला की अर्थच बदलतो.

शी आस्क्ड मी इफ आय वॉज वेटिंग. (मी थांबलोय का, असं तिने विचारलं.)
शी आस्क्ड मी टू वेट. (तिने मला थांबायला सांगितलं.)

पहिल्यात विचारणा आहे, दुसऱ्यात विनंती. ‘फर्गेट’चंही असंच. ‘आय फरगॉट दॅट शी लिव्ह्ज हिअर’ म्हणजे ती इथे राहते हे मी विसरलो. ‘आय फरगॉट टू पोस्ट द लेटर’ म्हणजे पत्र टाकायचंच राहिलं! म्हणून हे छोटे शब्द क्षुल्लक समजू नका.

पाचवी जोडी : सजेस्ट आणि ‘शुड’

ही मोठ्या वर्गांतल्या मुलांसाठी. ‘द डॉक्टर सजेस्टेड हिम टू रेस्ट’ हे कानाला बरोबर वाटतं, पण चूक आहे. ‘सजेस्ट’ला ‘टू’ चालत नाही. ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही शुड रेस्ट’ म्हणा. अमेरिकेत ‘शुड’ गाळून नुसतं ‘ही रेस्ट’ म्हणतात. ‘रेस्ट्स’ नाही हं, ‘एस’ न लावता. मराठीत ‘त्याने विश्रांती घ्यावी’ म्हणतो, ‘घेतो’ म्हणत नाही, तसंच हे. मात्र ‘ॲडव्हाइज’ला ‘टू’ चालतो : ‘द डॉक्टर ॲडव्हाइज्ड हिम टू रेस्ट.’ अर्थ जवळजवळ एक, पण जोडी वेगळी!

‘विल’ कधी ठेवायचं, कधी काढायचं?

आतापर्यंत आपण क्रियापदामागून काय येतं ते पाहिलं. आता वेळ आणि अट सांगणारी गौण वाक्यं पाहू, म्हणजे ‘व्हेन’ आणि ‘इफ’ची. यात क्रियापदाचा काळ फार फसवतो.

‘तो येईल तेव्हा मी त्याला सांगेन.’ याचं ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम’ असं करू नका. गौण वाक्यात ‘विल’ नको. ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.’ ‘इफ इट विल रेन’ नाही, ‘इफ इट रेन्स’.

मुलं विचारतात, ‘‘बाई, येणार तर उद्या आहे, मग वर्तमानकाळ कसा?’’ प्रश्न अगदी योग्य आहे. पण आपण काय म्हणतो बघा : ‘तो आला की सांगेन’, ‘पाऊस पडला तर खेळ बंद.’ तो अजून आलेला नाही, पाऊसही पडलेला नाही, तरी आपण चक्क ‘आला’, ‘पडला’ म्हणतो! तेव्हा इंग्रजीला हसायचं कारण नाही.

पण ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ हे वाक्य मात्र बरोबर आहे. मग ओळखायचं कसं? मराठीत म्हणून बघा.

‘तो आला की’ किंवा ‘तो येईल तेव्हा’ असा अर्थ असेल, तर ‘विल’ काढा.
‘तो कधी येईल’ असा अर्थ असेल, तर ‘विल’ ठेवा.
‘पाऊस पडला तर’, इथे ‘तर’ आहे, ‘विल’ काढा : ‘इफ इट रेन्स’.
‘पाऊस पडेल का’, इथे ‘का’ आहे, ‘विल’ ठेवा : ‘आय डोन्ट नो इफ इट विल रेन’.

इंग्रजीत दोन्हीकडे एकच ‘व्हेन’ आणि एकच ‘इफ’. मराठीत मात्र ‘तेव्हा’ वेगळं, ‘कधी’ वेगळं, ‘तर’ वेगळं, ‘का’ वेगळं. म्हणजे इथे मराठी जाणणाऱ्याचंच काम सोपं आहे, हो की नाही?

पालकांसाठी थोडंसं

महाराष्ट्रात जून 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू होई. म्हणून आपलं मूल आपल्यापेक्षा लवकर इंग्रजी शिकतंय, आपण काय मदत करणार, असं काही पालकांना वाटतं. तर काही जण मुलासमोरच म्हणतात, ‘‘मराठी शाळेत घातलं, म्हणून याचं इंग्रजी कच्चं राहिलं.’’ कृपा करून असं म्हणू नका. मुलं ते मनाला लावून घेतात. मग वर्गात उत्तर येत असूनही हात वर होत नाही, आणि बोललंच नाही तर सुधारणार काय?

वर पाहिलंत ना, ‘जायचं’ आणि ‘जावं’, ‘तर’ आणि ‘का’, हे सगळं मुलाला बोलायला लागल्यापासून येतंय. त्याचा उपयोग करून घ्या. मूल इंग्रजी वाक्यात अडलं, तर त्याला ते आधी मराठीत म्हणायला लावा आणि विचारा, ‘‘यातला ‘मी’ कोण? हा ‘तर’ आहे की ‘का’?’’ एवढं विचारायला तुम्हाला इंग्रजी यायलाच हवं असं नाही.

आणखी एक करा. मुलाला छोटी वही घालून द्या. पानावर वर एक क्रियापद आणि खाली त्याचं एक पूर्ण वाक्य. ‘वॉन्ट म्हणजे हवे असणे’ एवढंच नको, ‘आय वॉन्ट यू टू हेल्प मी’ असं. रोज एकच पान, पण रोज.

आता तुमची पाळी!

खालच्या वाक्यांचं इंग्रजी करा. आधी उत्तरं बघायची नाहीत हं!

1. आई म्हणाली की मला भूक लागली आहे. (भूक आईला लागली आहे.)
2. तू गावंस असं मला वाटतं. (‘वॉन्ट’ वापरा.)
3. पुस्तक कुठे आहे ते मला माहीत नाही.
4. बाबा आले की आपण जेवू.
5. मला पोहता आलं असतं तर! (‘विश’ वापरा.)

उत्तरं :
1. मदर सेड दॅट शी वॉज हंग्री.
2. आय वॉन्ट यू टू सिंग.
3. आय डोन्ट नो व्हेअर द बुक इज.
4. वुई विल ईट व्हेन फादर कम्स.
5. आय विश आय कुड स्विम.

पाचही बरोबर आली? शाब्बास! एखादं चुकलं असेल, तर ते ज्या जोडीतलं आहे तो भाग पुन्हा वाचा आणि त्याच जोडीची आणखी तीन वाक्यं स्वतः तयार करा. उद्या शाळेत तुमच्या बाईंना किंवा सरांना ती दाखवायला विसरू नका!